चेहरा हा पुरावा नव्हे

‘मला माणसं बरोबर कळतात’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस प्रत्येक कुटुंबात आणि प्रत्येक कचेरीत असतो. समोरचा खरं बोलतोय की थापा मारतोय, हे त्याला म्हणे डोळ्यांत बघताच समजतं. गप्पांच्या बैठकीत त्याचा काही उपद्रव नसतो, झाली तर करमणूकच होते. पण हाच माणूस नोकरीच्या मुलाखतीत टेबलाच्या पलीकडे बसतो, कुणाचा जबाब घेतो, वर्गात शिक्षा कोणाला करायची हे ठरवतो किंवा सीमेवर कोणाला आत सोडायचं ते पाहतो, तेव्हा त्याच्या या ‘कळण्या’ची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते. माझं म्हणणं असं, की तोंडाकडे बघून खरेपणा ओळखण्याची विद्या आपल्यापाशी नाही. आणि ज्यांच्या हाती दुसऱ्याचं बरंवाईट करण्याचा अधिकार आहे, त्यांना ती असल्यासारखं वागण्याची मुभा नसावी.

विद्या नाही हे मी मनाचं सांगत नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये तोवर झालेल्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला. खरी आणि खोटी विधानं ऐकून चोवीस हजारांहून अधिक लोकांनी दिलेले निवाडे त्यात होते. बरोबर निघाले ५४ टक्के. नाणं उडवून निवाडा केला असता तर ५० निघाले असते. वरच्या चार टक्क्यांसाठी माणसाने किती तोरा मिरवायचा, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

त्याच आकड्याची फोड मला जास्त बोलकी वाटते. खऱ्या विधानांपैकी ६१ टक्के विधानं खरी म्हणून ओळखली गेली, खोट्यांपैकी मात्र ४७ टक्केच पकडली गेली. म्हणजे आपला मूळ कल विश्वास ठेवण्याकडे आहे. या कलाला भोळेपणा म्हणून हिणवायची पद्धत आहे. मला तो व्यवहाराला धरून वाटतो, कारण आपल्याशी बोलणारे बहुतेक लोक बहुतेक वेळा खरंच बोलत असतात. टिमोथी लेव्हीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अमेरिकेतल्या एक हजार प्रौढांना मागच्या चोवीस तासांत किती वेळा खोटं बोललात असं विचारलं. साठ टक्के लोकांनी एकदाही नाही असं सांगितलं, आणि कबूल झालेल्या एकूण खोट्यांपैकी जवळजवळ निम्मी पाचेक टक्के लोकांच्या नावावर होती. (खोटेपणाच्या पाहणीत लोक खरं कशावरून बोलले, ही शंका रास्त आहे. पण खोटं हे मूठभरांकडे गोळा झालेलं असतं, हा नमुना इतर पाहण्यांतही दिसला आहे.) असं असेल तर रोजच्या व्यवहारात समोरच्याचं म्हणणं खरं धरून चालण्यात नुकसान थोडं आणि सोय मोठी. प्रत्येकाकडे संशयाने बघणारा माणूस चार थापा जास्त पकडेलही, पण त्यापायी कितीतरी खऱ्या माणसांना खोटं ठरवेल आणि त्यांना ते कधी विसरता येणार नाही.

मग थापा मारणाऱ्याच्या ज्या खुणा आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्यांचं काय? नजर चुकवणं, चुळबुळ, घाम, अडखळणं. ५८ देशांतल्या लोकांना खोटारडा कसा ओळखता असं विचारलं, तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेलं उत्तर एकच होतं: तो नजरेला नजर देत नाही. इतक्या भाषांत, इतक्या संस्कृतींत एकमत सहसा कशावर होत नाही. आणि ते एकमत चुकीचं आहे. डीपॉलो यांनी २००३ मध्ये अशा १५८ खुणा तपासल्या. बहुतेकींचा खोटेपणाशी संबंध एक तर अजिबात नव्हता किंवा नगण्य होता. नजर चुकवणं त्या नगण्यांतच होतं. याचं कारण समजायला कठीण नाही. ज्या खुणा आपण खोटेपणाच्या म्हणून धरतो, त्या भीतीच्या, लाजेच्या, दडपणाच्या खुणा आहेत. चौकशी चालू असताना निर्दोष माणूसही घाबरतो. कित्येकदा तोच जास्त घाबरतो, कारण त्याला असल्या प्रसंगाची सवय नसते. उलट सराईत थापाड्याला ठाऊक असतं की लोक डोळे बघतात, म्हणून तो डोळ्यांत डोळे घालूनच बोलतो. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघणं हा काही जणांचा स्वभाव असतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या, प्रौढांना लोक खोटारडे समजतात, खरं बोलत असले तरी समजतात, हेही अभ्यासात दिसलं आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची याहून खात्रीची पद्धत शोधून सापडणार नाही.

‘सामान्य माणसाचं सोडा, ज्यांचा हा धंदाच आहे त्यांना तरी कळत असेल’ हे पुढचं उत्तर ठरलेलं. पॉल एकमन आणि मॉरीन ओ’सलिव्हन यांनी १९९१ मध्ये पोलीस, न्यायाधीश, मनोविकारतज्ज्ञ, खोटं पकडण्याचं यंत्र चालवणारे आणि अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसचे कर्मचारी अशा सगळ्यांची परीक्षा घेतली. सीक्रेट सर्व्हिसवाले वगळता एकही गट अंदाजपंचे उत्तरांच्या वर गेला नाही. आणि गंमत म्हणजे हे एकमन चेहऱ्यावरच्या क्षणिक भावछटांवरून खोटं ओळखता येतं या मताचे जगातले सर्वांत नावाजलेले पुरस्कर्ते. १९९९ चा एक प्रयोग याहून अस्वस्थ करणारा आहे. सॉल कॅसिन आणि क्रिस्टिना फाँग यांनी काही विद्यार्थ्यांना पोलिसी चौकशीच्या प्रचलित पद्धतीतल्या ‘खोटेपणाच्या खुणा’ शिकवल्या आणि काहींना काहीच शिकवलं नाही. शिकलेल्यांचे निवाडे न शिकलेल्यांपेक्षा जास्त चुकले. पण त्यांचा स्वतःवरचा विश्वास वाढला, आणि आपल्या निवाड्याची कारणंही ते जास्त सांगू लागले. शिकून अचूकता घटते आणि खात्री वाढते, अशी विद्या अधिकाऱ्याच्या हाती देणं म्हणजे काय, ते ऑस्ट्रेलियात घडलेलं आहे.

ऑगस्ट १९८० मध्ये चेंबरलेन कुटुंब मध्य ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाजवळ तंबू ठोकून राहिलं होतं. रात्री तंबूतून त्यांची नऊ आठवड्यांची मुलगी आझारिया नाहीशी झाली. डिंगोने, म्हणजे तिकडच्या रानटी कुत्र्याने, तिला नेलं असं आई लिंडी पहिल्या क्षणापासून सांगत होती. पहिल्या चौकशीत ते मान्यही झालं. पण टीव्हीवर दिसलेली लिंडी लोकांना पटली नाही. ती शांत होती, डोळे कोरडे होते, डिंगो काय करू शकतो हे ती तपशिलाने सांगत होती. पोटचं मूल गेलेली बाई अशी दिसते का, हा प्रश्न देशभर विचारला गेला. पुढे तज्ज्ञांनी गाडीत सापडलेले डाग तान्ह्या बाळाच्या रक्ताचे असल्याचं सांगितलं, आणि १९८२ मध्ये तिला जन्मठेप झाली. बाळाचा मृतदेह कधीच मिळाला नव्हता. १९८६ मध्ये बाळाचं जाकीट त्याच भागात सापडलं आणि तिची सुटका झाली, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली. ते ‘रक्ताचे डाग’ म्हणजे बरेचसे गाडीतला आवाज कमी करण्यासाठी कारखान्यात फवारलेला लेप असल्याचं दिसून आलं. मुलीचा मृत्यू डिंगोमुळे झाला हा अधिकृत निष्कर्ष लिहायला मात्र २०१२ साल उजाडलं.

दोष प्रयोगशाळेचा होता, हे खरंच. पण इतक्या कच्च्या पुराव्यावर इतक्या लोकांचा विश्वास का बसला? मला वाटतं, कारण निकाल आधीच लागलेला होता. पुरावा मागाहून त्याला टेकू द्यायला आला. चेहऱ्यावरच्या निकालाचा हा सर्वांत वाईट गुण आहे. त्याला खोटं पाडता येत नाही. ती रडली नाही तर निर्दय. रडली असती तर नाटकी. शांत राहिली तर कोडगी. बिथरली असती तर अपराधी. कसंही वागलं तरी जो ठरावीक अर्थच सांगतो त्याला पुरावा म्हणता येत नाही, तो पूर्वग्रह असतो.

इथे खरेपणाचा प्रश्न भावनांच्या प्रश्नाला जाऊन मिळतो. कारण ‘ती खोटं बोलतेय’ या निवाड्याच्या पोटात ‘दुःख असं दिसतं’ हा दुसरा निवाडा दडलेला असतो. दुःख कसं दिसतं? लिसा फेल्डमन बॅरेट आणि वेगवेगळ्या मतांच्या आणखी चार शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये या विषयावरचं संशोधन मिळून तपासलं आणि एकमताने लिहिलं, की चेहऱ्याच्या हालचालींवरून आतली भावना खात्रीने सांगता येत नाही. रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतो तो सरासरी तीसेक टक्के वेळा. बाकी वेळा तो गप्प बसतो, हसतो, रडतो किंवा थंडपणे काम करत राहतो. आणि आठ्या राग नसतानाही पडतात, नुसतं मन लावून ऐकतानासुद्धा. २०१२ चा एक प्रयोग तर मजेशीर आहे. महत्त्वाचा गुण जिंकलेल्या आणि हरलेल्या टेनिसपटूंचे फक्त चेहरे लोकांना दाखवले, तर कोण जिंकलंय आणि कोण हरलंय हे त्यांना सांगता येईना. शरीर दाखवल्यावर सांगता आलं. गंमत पुढेच आहे: चेहरा आणि शरीर दोन्ही बघणाऱ्यांना मात्र आपण हे चेहऱ्यावरूनच ओळखलं असं वाटत होतं.

म्हणजे आपल्याला कळतं ते प्रसंगावरून, देहबोलीवरून, शब्दांवरून. आणि श्रेय मात्र डोळ्यांना. मायकेल क्राउस यांच्या २०१७ च्या प्रयोगांत नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याची भावना, आवाज आणि चेहरा दोन्ही असणाऱ्यांपेक्षा जास्त अचूक ओळखली. आईशी फोनवर दोन वाक्यं बोलताच ती ‘काय झालं?’ विचारते, त्यात काही चमत्कार नाही. ती ऐकत असते.

जवळच्या माणसांचं काय, हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. नवरा-बायको, जुने मित्र एकमेकांना ओळखतात हे नाकारण्यात अर्थ नाही. पण किती ओळखतात? विल्यम इक्स यांनी वर्षानुवर्षं हे मोजलं. दोघांचं बोलणं चित्रित करायचं, मग एकाने कुठल्या क्षणी काय मनात आलं होतं ते लिहायचं आणि दुसऱ्याने ते ओळखायचं. अनोळखी माणसाला सुमारे वीस टक्के जमतं, जिवलगांना तीस-पस्तीस. फरक आहे, पण ‘तुझ्या मनात काय चाललंय ते मला न सांगता कळतं’ या वाक्याइतका नाही. बरीच भांडणं या दोन आकड्यांमधल्या फटीत होत असावीत. तिकडून आपल्यालाही वाटत असतं की आपलं मन समोरच्याला दिसतंय. इतकं स्पष्ट दिसत असून तो काही करत नाही याचा राग येतो. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये हा भ्रम प्रयोगाने दाखवला: वाईट चवीचं पेय पिऊन चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना वाटलं की बरेच बघणारे आपल्याला ओळखतील. बघणाऱ्यांना तितकं काही कळलं नाही.

‘दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून बघा’ हा उपदेश तर आपण उठता-बसता देतो. ताल एयाल, मेरी स्टेफेल आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये पंचवीस प्रयोगांत तो पारखला. दुसऱ्याच्या जागी स्वतःची कल्पना केल्याने त्याच्या मनाचा अंदाज जास्त बरोबर येत नाही. आपल्याला जास्त कळलं असं वाटतं तेवढं. अंदाज सुधारला तो एकाच गोष्टीने: त्या माणसाला विचारल्याने. इतकं साधं उत्तर पंचवीस प्रयोगांनंतर मिळावं, हे बघून संशोधकांवर हसू येईल. पण रोज आपण काय करतो ते आठवून पाहा. सहकारी गप्प आहे म्हणजे तो नाराज आहे असं धरतो, दोन दिवस त्याच्याशी तुटक वागतो, मग तो खरोखरच नाराज होतो आणि आपला अंदाज बरोबर ठरतो. एक प्रश्न विचारायला लागणारा धीर आपल्यात नसतो, आणि त्या भित्रेपणाला आपण ‘माणसं वाचणं’ हे भारदस्त नाव देतो.

विचारणं खोट्याच्या बाबतीतही कामाचं आहे, फक्त विचारणं आणि रोखून बघणं यातला फरक पाळायला हवा. मारिया हार्टविग यांनी २००६ मध्ये स्वीडनमधल्या पोलीस प्रशिक्षणार्थींवर प्रयोग केला. हातात असलेला पुरावा आधीच न सांगता संशयिताला सविस्तर बोलू द्यायचं, मग त्याचं बोलणं पुराव्याशी ताडून बघायचं, एवढंच काहींना शिकवलं. त्यांचे ८५ टक्के निवाडे बरोबर आले. न शिकवलेल्यांचे ५६. २०२३ मध्ये ब्रूनो व्हर्शुरे आणि सहकाऱ्यांनी लोकांना सांगितलं, की बाकी सगळ्या खुणा विसरा आणि एकच बघा: सांगणाऱ्याच्या बोलण्यात कुठे, कधी, कोण, कसं याचे तपशील किती आहेत. तेवढ्यावर अचूकता ५९ ते ७९ टक्क्यांपर्यंत गेली. याचा अर्थ तपशिलाने बोलणारा प्रत्येक जण हरिश्चंद्र असा नव्हे. पण तपशील तपासता येतो. दुसऱ्याला विचारता येतं, कागद मागता येतो, वेळ जुळवून पाहता येते. कपाळावरचा घाम कशाशी ताडून बघणार?

न्यायालयात हे भान जुनं आहे, पण अर्धंच. उलटतपासणी ही शब्द ताडून बघण्याचीच रीत, आणि तिचा मोठा भरवसा योग्य आहे. मात्र १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम २८० साक्षीदाराच्या आविर्भावाबद्दल न्यायाधीशाला महत्त्वाचं वाटेल ते नोंदवायला सांगत होतं. आणि खालच्या न्यायालयाने साक्षीदाराला प्रत्यक्ष पाहिलं आहे, म्हणून त्याच्या मताला जास्त वजन द्यावं, हा विचार जगभरच्या अपिलांत आजही चालतो. प्रत्यक्ष पाहण्याने काय मिळतं हे वर आलंच. निकालपत्रात ‘साक्षीदार गोंधळलेला दिसला’ असं असेल तर कोणत्या प्रश्नाला कोणतं विसंगत उत्तर दिलं हेही लिहायला लागावं. ते लिहिता येत नसेल तर पहिलं वाक्यही नको.

माणसाला जमत नाही म्हटल्यावर यंत्र पुढे येतं. खोटं पकडण्याच्या यंत्राविषयी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००३ मध्ये एक उदाहरण मांडलं होतं, ते प्रत्येक अधिकाऱ्याने पाठ करावं. दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत असं धरा. त्यातले आठ पकडता येतील इतकी कडक चाचणी लावली, तर त्या आठांबरोबर जवळजवळ सोळाशे निरपराध कर्मचारी संशयित ठरतील. आणि दोन हेर तरीही सुटतील. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये सेल्वी खटल्यात नार्को (औषध देऊन बोलतं करणं), पॉलिग्राफ (म्हणजे हेच खोटं पकडण्याचं यंत्र) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूच्या लहरींवरून तपास) या चाचण्या संमतीशिवाय करणं घटनाबाह्य ठरवलं, ते मुख्यतः स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासूनच्या संरक्षणासाठी. तो पाया पक्का आहे. पण चाचणी पुरेशी भरवशाची नाही, हे कारणही तितकंच सबळ आहे आणि ते संमती दिलेल्यालाही लागू पडतं.

आता कॅमेरे आणि सॉफ्टवेअर आले आहेत. अमेरिकेतल्या विमानतळांवर प्रवाशांच्या हावभावांवरून धोकादायक माणूस हेरण्याच्या योजनेवर २००७ पासून सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाले, आणि २०१३ मध्ये तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनी तिला पुराव्याचा आधार नसल्याचं सांगून पैसे रोखण्याची शिफारस केली. मुलाखतीच्या चित्रफितींचं मूल्यमापन करणाऱ्या हायरव्ह्यू या कंपनीने चेहऱ्याचं विश्लेषण बंद केल्याचं २०२१ मध्ये जाहीर केलं. तरी ही कल्पना मरत नाही, कारण ती विकायला सोपी आहे: माणसाचा पूर्वग्रह तोच, फक्त आता त्याला टक्केवारी जोडलेली.

युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली, वैद्यकीय आणि सुरक्षेच्या कारणांचा अपवाद ठेवून. फेब्रुवारी २०२५ पासून ती लागूही झाली. मला हा कायदा हवा तसाच वाटला असता, जर पोलीस आणि सीमातपासणी त्या बंदीबाहेर राहिली नसती. तिथे अशी साधनं जास्त जोखमीची म्हणून अटींसह चालतात. याच संघाच्या पैशातून २०१६ ते २०१९ या काळात सीमेवर येणाऱ्या प्रवाशाला पडद्यावरच्या कृत्रिम अधिकाऱ्याकडून प्रश्न विचारून त्याच्या चेहऱ्यावरून खोटेपणा मोजण्याचा प्रकल्प राबवला गेला होता. हा क्रम उलटा आहे. मुलाखतीत नापसंत ठरलेल्याला दुसरीकडे अर्ज करता येतो, वर्गात कंटाळलेला दिसलेल्या मुलाचे पालक येऊन भांडू शकतात. चौकीत किंवा सीमेवर उभा असलेला माणूस घाबरलेलाच असतो, बहुधा एकटा असतो, आणि यंत्राने चूक केली हे सिद्ध करण्याचं कोणतंही साधन त्याच्याकडे नसतं. दुसरे देश असा कायदा लिहायला बसतील तेव्हा त्यांनी बंदीचं पहिलं कलम चौकी आणि सीमा यांच्यासाठी लिहावं, कचेऱ्या आणि शाळा त्यानंतर.